रात्रभर एम ३३, आणि हाती सरळ रेघ

आपल्या आकाशगंगेबाहेरचा पहिला पाण्याचा मेसर, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी फुगवलेल्या रेडिओ लहरींचा नैसर्गिक स्रोत, सापडला एम ३३ या दीर्घिकेत, आयसी १३३ नावाच्या एका तेजोमेघात. एड चर्चवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तो जाहीर केला. निरीक्षणं केली होती जर्मनीतल्या एफेल्सबर्गच्या १०० मीटर डिशवरून, आणि तेव्हा ती डिश जेमतेम पाचेक वर्षांची होती. माझ्या पीएचडीचं काम त्याच डिशवर, त्याच दीर्घिकेत आणि त्याच वारंवारतेवर चाललंय. इतक्या वर्षांत शोधण्यासारखं उरलंय काय, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

मी मूळची नारायणगावची. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश लहानपणापासून पाहिलेल्या. ४५ मीटरच्या तीस डिश, जवळ जाऊन पाहिलं तर नुसती तारेची जाळी. लांब लहरींना ती जाळी भिंतीसारखी अडवते, पण पाण्याच्या मेसरची लहर आहे १.३५ सेंटिमीटरची. ती त्या जाळीच्या भोकांतून आरपार निसटते, आणि तिथले रिसीव्हर तर सुमारे दीड गिगाहर्ट्झलाच थांबतात. मला हवे होते २२. त्यामुळे घराजवळची एवढी मोठी दुर्बीण सोडून आयफेलच्या डोंगरात यावं लागलं. बॉनहून मोटारीने तासाभराचा रस्ता, दरीच्या तळाशी डिश. दरी मुद्दाम निवडलेली, आजूबाजूचे डोंगर माणसांचा रेडिओ-गोंगाट अडवतात.

मेसर म्हणजे लेझरचंच तत्त्व, फक्त प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरी. नवा तारा जन्मताना भोवतालचा वायू नुसता आत ओढत नाही, दोन्ही बाजूंना जोरदार फवारेही सोडतो. हे फवारे आजूबाजूच्या ढगावर आदळतात तिथे वायू दाबला जातो आणि काहीशे अंशांपर्यंत तापतो. तिथल्या पाण्याच्या रेणूंची ऊर्जेच्या पातळ्यांमधली वाटणी बिघडते. खालच्या पातळीत जास्त रेणू असायला हवेत, तर ते वरच्या पातळीत गर्दी करतात. अशा गर्दीतून २२,२३५.०८ मेगाहर्ट्झची लहर गेली की एकेक रेणू खाली उतरताना त्या लहरीत आपली भर घालतो आणि लहर फुगत जाते. असा एक मेसर-ठिपका साधारण पृथ्वी-सूर्य अंतराएवढा असतो. म्हणजे अख्ख्या दीर्घिकेच्या हिशेबात काहीच नाही. तरीही तो लाखो प्रकाशवर्षांवरून दिसतो. १९६९ साली चार्ल्स टाउन्स आणि बर्कलीच्या त्यांच्या चमूने अवकाशातलं पाणी पहिल्यांदा पकडलं, तेही या मेसरमुळेच.

पण "लाखो प्रकाशवर्षांवरून दिसतो" या वाक्यात एक मेख आहे. आपल्या आकाशगंगेतला तारकानिर्मितीचा सर्वांत तेजस्वी जल-मेसर डब्ल्यू४९ मध्ये आहे, सुमारे ११ हजार पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं). तो समजा २०,००० जान्स्कीचा धरला (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक). तोच उचलून एम ३३ मध्ये, आठ लाख पार्सेकवर नेऊन ठेवला तर उरतात चारेक जान्स्की. एक कोटी पार्सेकवर नेला तर जान्स्कीच्या चाळिसाव्या भागाएवढा. हा झाला आपला सर्वोत्तम नमुना. साधासुधा, एका मध्यम ताऱ्याशेजारचा मेसर एम ३३ मध्येसुद्धा गोंगाटात बुडून जातो. म्हणून हा सगळा धंदा शेजारच्या दीर्घिकांपुरता. एम ३३, देवयानी, आयसी १०, दक्षिणेकडून दिसणारे मॅजेलनी मेघ. थोडं पुढे गेलं तर एम ८२ किंवा एनजीसी २५३, जिथे ताऱ्यांची निर्मिती धडाक्याने चालू आहे. २०१० साली अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीवरून अँटेना दीर्घिकांमध्येही असे मेसर सापडले, पण तिथे दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतायत, तिथली गोष्ट निराळी.

परिषदांमध्ये जल-मेसर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मेगामेसर, म्हणजे दीर्घिकांच्या केंद्रातले महाप्रखर मेसर, येतात. एनजीसी ४२५८ च्या केंद्रात चार कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती फिरणारी पाण्याची तबकडी, १९९५ साली त्यावरून केलेलं कृष्णविवराच्या वस्तुमानाचं ते सुरेख मोजमाप. ते काम खरोखर सुरेख आहे, वाद नाही. पण आमच्या मेसरांना 'किलोमेसर' म्हणतात आणि तो उच्चार करतानाच समोरच्याचा उत्साह मावळलेला दिसतो. माझं मत उलटं आहे. कृष्णविवराचा मेसर केंद्रात बसतो. आमचे मेसर दीर्घिकेच्या तबकडीवर विखुरलेले असतात, तिच्याबरोबर फिरतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडून जे कळतं ते केंद्रातल्या मेसरकडून कळत नाही. त्याकडे पुढे येतेच.

पहिलं काम म्हणजे बघायचं कुठे ते ठरवणं. या डिशचा झोत, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, २२ गिगाहर्ट्झला ४० विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), तर एम ३३ आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहून मोठी. अख्खी दीर्घिका चाळायला आयुष्य पुरणार नाही. कुणालाही आधी सुचेल ते एनजीसी ६०४, एम ३३ मधला तो अवाढव्य तेजोमेघ, दीड हजार प्रकाशवर्षं रुंद. पण डोळ्यांना दिपवणारी जागा मेसरसाठी चांगली असेलच असं नाही. मेसर दिसतो तारा अजून धुळीच्या गाभाऱ्यात असताना, आणि ती अवस्था लाखभर वर्षांत उरकते. एनजीसी ६०४ मधले मोठे तारे काही दशलक्ष वर्षांचे, त्यांनी आपली धूळ केव्हाच उडवून लावलीय. त्यामुळे मी निघाले धुळीच्या मागावर. स्पिट्झर दुर्बिणीने २४ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात घेतलेल्या प्रतिमांमध्ये जे छोटे, गच्च, झळकणारे ठिपके आहेत ते काढायचे, त्यातले जुने तारे वगळायचे, उरलेल्यांची यादी करायची. हीच युक्ती जेरेमी डार्लिंग यांनी देवयानीत वापरली होती. २०६ ठिकाणं तपासली, मेसर निघाले ५. हा आकडा मी टेबलासमोर चिकटवून ठेवला होता, स्वतःच्या अपेक्षा ताळ्यावर ठेवायला.

डिसेंबरच्या सुरुवातीला एम ३३ रात्री नऊच्या सुमारास डोक्याजवळ येते आणि पहाटे तीनपर्यंत खाली उतरते. मग शर्मिष्ठेतली आयसी १०, जी इथून कधी मावळतच नाही. रेडिओ दुर्बिणीला दिवसाही चालतं, पण या वारंवारतेला कोरडी थंड रात्र लागते. कारण गंमतशीर आहे. जी रेषा मी दुसऱ्या दीर्घिकेत शोधते तीच रेषा आपल्या हवेतल्या बाष्पाचीही आहे. हवेच्या दाबामुळे ती काही गिगाहर्ट्झ रुंद पसरलेली असते, मेसरची रेषा मात्र १०० किलोहर्ट्झच्या आत-बाहेर, त्यामुळे दोन्हींची गल्लत होत नाही. पण ते बाष्प स्वतः चमकतं आणि वरून येणारं खातं. कोरड्या रात्री आमचं सिस्टिम टेम्परेचर, म्हणजे यंत्रणेचा आणि हवेचा मिळून गोंगाट, शंभर केल्विनच्या आत राहतं. ढग आले की दीडशेच्या पुढे. तेवढ्याने तासाचं काम अडीच तासांवर जातं. पावसाची वाट बघणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाने खिडकीतून ढग बघून शिव्या घालायच्या, ही सवय लागायला वेळ गेला.

नियंत्रण कक्षाच्या मोठ्या खिडकीतून डिश समोरच दिसते. ३,२०० टनांचं ते धूड हलायला लागलं की पहिल्यांदा वाटतं, दरीच सरकतेय. रात्रपाळीचे ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे. बोलणं कमी, पण वारा वाढला की खुर्चीतून न उठता सांगतात, "अजून थोडं वाढलं तर मी डिश उभी करून ठेवणार." म्हणजे तोंड आकाशाकडे करून थांबायचं, वारा पडेपर्यंत काम बंद. त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. एकदा त्यांनीच मला या डिशचं वाकणं समजावून सांगितलं. एवढं वजन तिरकं झालं की आकार बिघडणारच. बांधणाऱ्यांनी वाकणं रोखण्याच्या भानगडीत न पडता रचनाच अशी केली की वाकल्यावरही पृष्ठभाग पॅराबोलाच राहतो, फक्त त्याचा केंद्रबिंदू सरकतो. तो किती सरकतो हे आधीच माहीत असतं, रिसीव्हर तेवढा त्याच्यामागे नेतात. १९६० च्या दशकातलं हे डोकं! मला तर मेसरपेक्षा याचंच कौतुक जास्त वाटलं.

निरीक्षणाला बसलं की आधी पॉइंटिंग. एम ३३ च्या शेजारी, दोन-तीन अंशांवर, ३सी ४८ हा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं प्रखर केंद्र, आहे. डिश त्याच्यावरून आडवी आणि उभी फिरवायची. पडद्यावर दोन टेकड्या उमटतात. टेकडीचं शिखर मधोमध नसेल तर जितकं चुकलंय तितकी दुरुस्ती. झोत ४० विकलांचा असताना दहा विकलांची चूकही बरंच काही गमावते, म्हणून तासाभराने पुन्हा तेच. नंतर फोकस. मग डब्ल्यू३(ओएच) या आपल्याच आकाशगंगेतल्या मेसरवर एक मिनिट. तो इतका प्रखर की क्षणात पडदा भरून सुळके उभे राहतात. वारंवारतेची जुळणी बरोबर आहे ना, हे त्यावरून कळतं. मला मात्र तो बघणं दर वेळी जिवावर येतं, कारण त्यानंतर रात्रभर असलं काही दिसणार नसतं.

यादीतल्या पहिल्या ठिकाणावर काही मिनिटं, मग बाजूच्या कोऱ्या आकाशावर तितकीच मिनिटं. एकातून दुसरं वजा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. स्पेक्ट्रोमीटर ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा ३२,७६८ चॅनेलमध्ये कापतो. एक चॅनेल म्हणजे सेकंदाला ०.२ किलोमीटर वेगाची एक फट. एम ३३ आपल्याकडे सेकंदाला सुमारे १८० किलोमीटर वेगाने येतेय, आणि स्वतःभोवती फिरतेय ते वेगळं, त्यामुळे पट्ट्याचा कुठला भाग बघायचा ते ठाऊक असतं. तासाभरात गोंगाट वीसेक मिलिजान्स्कीपर्यंत खाली येतो. तिथे काही असेल तर एक बारीक सुळका दिसायला हवा. दिसते ती रेघ. सरळही नसते, डिश आणि रिसीव्हरच्या मध्ये आपटून मागे-पुढे जाणाऱ्या लहरींमुळे तिला हलके हेलकावे असतात. ते हेलकावे काढून टाकायचे, रेघ सरळ करायची, पुढचं ठिकाण.

जागं राहण्यासाठी मी मध्ये आयसी १३३ लावते. अभ्यासाच्या दृष्टीने त्याचं कारण 'बदलांची नोंद' असं लिहिलंय, आणि ते खरंही आहे. तारकानिर्मितीचे मेसर लहरी असतात. फवारा थोडा वळला, वायूचा पट्टा आपल्या नजरेच्या रेषेतून सरकला, की महिन्या-दोन महिन्यांत रेषा उगवतात आणि विझतात. पण रात्री दोनला काहीतरी दिसावं, एवढीच खरी इच्छा असते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा तो सुळका अर्ध्या तासात गोंगाटातून वर येतो तेव्हा ऑपरेटरसुद्धा मान वळवून बघतात.

पहाटे तीन म्हणजे घरी साडेसात. अण्णा मळ्यात पोचलेले असतात, तेव्हाच फोन.

"काय गं, लागलं का पाणी?"

"नाही. आज रात्री काहीच नाही."

"मग बोअर फेलच म्हण की."

मी सांगायला जाते की असं नसतं अण्णा, इथे अमुक इतक्या तेजापेक्षा जास्त काही नाही, हीसुद्धा माहिती आहे, ती तक्त्यात जाते. ते शांतपणे म्हणतात, "आमच्याकडं फेल बोअरचे पण पैसे घेतात. तुमच्याकडं पगार देतात, बरंय." पाणाड्याला नारळ हातावर उभा धरून शेत पालथं घालताना मी पाहिलंय, आणि काही रात्री मी तेच करतेय असं वाटतं. फरक इतकाच की मला कुठे पाणी नाही हेही आकड्यात लिहून द्यावं लागतं.

त्याच हंगामात, एम ३३ च्या दक्षिण भागातल्या एका ठिकाणी, सुळका दिसला. ८० मिलिजान्स्की, म्हणजे गोंगाटाच्या चौपट. पहिली प्रतिक्रिया म्हणजे खुर्ची पुढे ओढणं. दुसरी, हिशेब. तीस हजारांवर चॅनेल असतील तर चौपट उंचीचा एखादा सुळका निव्वळ योगायोगानेही उभा राहतो. म्हणजे पट्ट्यात कुठेतरी असा एक दिसणं हे नवल नव्हे. पण हा नेमका एम ३३ च्या वेगांच्या पट्ट्यात होता, तिथले चॅनेल दीडेक हजारच, तिथे असा योगायोग वीसात एखाद्या वेळीच. शिवाय दोन्ही पोलरायझेशनमध्ये, म्हणजे रिसीव्हर वेगवेगळ्या नोंदतो त्या लहरीच्या कंपनाच्या दोन प्रकारांत, होता, एकात थोडा ठेंगणा. मेसर असेल तर दोन्हींत असायला हवा. माणसांचा गोंगाट बहुधा एकातच जास्त दिसतो. मी वेळ संपेपर्यंत त्याच ठिकाणी थांबले. सुळका वाढला नाही, पण पूर्ण बुडालाही नाही.

खरी परीक्षा पृथ्वी घेते. आपण सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे एम ३३ च्या दिशेचा आपला वेग बदलत राहतो. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो सेकंदाला दहाएक किलोमीटरने बदलतो. म्हणजे आकाशातून आलेली रेषा आमच्या रिसीव्हरमध्ये पाऊण मेगाहर्ट्झ, जवळपास पन्नास चॅनेल सरकलेली दिसायला हवी. जमिनीवरून येणारा खोटा संकेत मात्र होता तिथेच राहील. जानेवारीत मी पुन्हा गेले. थंडी कडक, सिस्टिम टेम्परेचर आधीपेक्षा चांगलं. त्या ठिकाणाला आधीपेक्षा जास्त वेळ दिला.

सरकलेल्या जागी काही नव्हतं. जुन्या जागीही काही नव्हतं.

जुन्या जागी नाही, म्हणजे तिथेच ठाण मांडून बसलेला जमिनीवरचा गोंगाट नव्हे. नव्या जागी नाही, म्हणजे एक तर आधीचा योगायोग होता, नाहीतर मेसर होता आणि विझला. दुसऱ्या शक्यतेला कुणी हसण्यात अर्थ नाही, हे मेसर तसेच वागतात. पण तिला धरून बसलं तर कुठलाही सुळका कधीच खोटा ठरवता येणार नाही, हेही तितकंच खरं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर एम ३३ मध्ये जितके जास्त मेसर, तितके तिचं अंतर मोजायच्या पट्टीचे खुंट जास्त. आंद्रेयास ब्रुंटहालर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली केलेलं काम मी या विषयात येण्याचं कारण आहे. एम ३३ च्या उत्तरेला आयसी १३३ आणि आग्नेयेला एम ३३/१९ असे दोनच मेसर घेऊन, अमेरिकेभर पसरलेल्या व्हीएलबीएच्या दहा डिशनी ते तीनेक वर्षं बघत राहिले. दीर्घिका फिरते, म्हणून दोन्ही मेसर एकमेकांच्या तुलनेत सरकतात. सरकणं किती, तर वर्षाला विकलेच्या दहालक्षांश भागाच्या तीसपट. दीर्घिकेचा फिरण्याचा खरा वेग आधीच माहीत होता, त्याला या सरकण्याशी ताडून अंतर निघालं सुमारे ७ लाख ३० हजार पार्सेक. कुठल्या ताऱ्याची चमक गृहीत धरावी लागली नाही, सरळ भूमिती. यात एक जुना हिशेबही चुकता झाला. १९२३ साली ॲड्रियान व्हॅन मानन यांनी छायाचित्रांवरून एम ३३ फिरताना दिसते असं म्हटलं होतं. त्यांनी मोजलेलं सरकणं खऱ्यापेक्षा जवळजवळ हजारपट मोठं होतं. दीर्घिका तेव्हाही फिरतच होती, फक्त ते बघायला ऐंशी वर्षांनंतरची साधनं आणि पाण्याचे दोन ठिपके लागले.

त्या मोजमापात अजून दीड लाखाहून अधिक पार्सेकची अनिश्चितता आहे. दोन खुंटांऐवजी चार-पाच मिळाले तर ती उतरेल. म्हणून मला माझ्या सुळक्याचा सहजासहजी निरोप घेता येत नाहीये.

सध्या प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहितेय. त्यात लांबलचक तक्ता आहे. ठिकाण, वेळ, गोंगाट, आणि शेवटच्या रकान्यात 'इतक्यापेक्षा कमी'. जवळपास सगळ्या ओळी अशाच. त्या दक्षिणेकडच्या ठिकाणापुढे मी एक तारांकन टाकलंय आणि खाली दोन ओळी लिहिल्यात. मार्गदर्शकांचं म्हणणं, पाचपटीच्या खालचं काहीही तारांकनाला पात्र नाही, काढून टाक. माझं म्हणणं, दहा वर्षांनी तिथे कुणाला मेसर दिसला तर त्याला ती डिसेंबरची तारीख हवी असेल. मसुद्याच्या मागच्या आवृत्तीत त्यांनी तारांकन खोडलं होतं, मी परत टाकलं. पुढची आवृत्ती शुक्रवारी द्यायचीय.